साडेचारची खरखर

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. घरात कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी उठून जायची. म्हणूनच हे लिहायला इतका उशीर झाला...

मी मूळची नागभीडची. पुण्याकडच्या एका संस्थेत रेडिओ दुर्बिणीवर काम करते. आमच्या दुर्बिणीला आरसे नसतात, तारांचे अँटेना असतात. आकाशातून येणाऱ्या कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी पकडायच्या आणि सगळ्या आकाशाचा नकाशा करायचा. त्यासाठी मोबाईल टॉवर, एफएम यांचा गोंगाट नसलेली जागा लागते. तशी जागा तपासायला त्या हिवाळ्यात मला गडचिरोली जिल्ह्यात पाठवलं. वडशाहून पूर्वेला पस्तीसेक किलोमीटर, जंगलातलं लहानसं गाव. धान कापलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या मोकळ्या खाचरात, अँटेना उभा केला. रेकॉर्ड इतकं स्वच्छ की मी हरखून गेले.

फक्त रोज दुपारी साडेचारला त्यात एक बारीक रेघ उमटायची. वीस मिनिटं... मग गायब. आकाशातली वस्तू असती तर ताऱ्यांसारखी रोज चार मिनिटं लवकर आली असती. ही घड्याळ धरून यायची — म्हणजे माणसाची.

हातातला छोटा अँटेना आणि लहरींचा जोर दाखवणारं मीटर घेऊन मी माग काढला, तो थेट सुमनबाईंच्या घरात. साठी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. बुद्धाच्या फोटोखाली फळीवर जुना ट्रान्झिस्टर होता. त्याच्यापाशी गेले की मीटर एकदम वर!

"काकू, हा रेडिओ थोडे दिवस बंद ठेवाल का?"

"चालू कुठी आहे, बाई? सेल नाई त्याच्यात."

मी मागचं झाकण उघडलं. खरंच रिकामं. स्प्रिंगा गंजलेल्या. आणि तरीही माझ्या हातात तो खरखरत होता.

"आमचा बुढा लाकूड डेपोवर चौकीदार होता," त्या नवऱ्याबद्दल अगदी सहज सांगू लागल्या. "साडेचारले घरी याचा. पयले रेडिओ लावाचा, मंग हातपाय धुवाचा. दोन वर्सं झाले जाऊन. आता बोलत नाई, खरखरते फक्त. पन मले समजते, आला म्हनून. मी चाय मांडतो."

चुलीवर चहा उकळत होता. दोन कपांचा.

मी काय केलं? जवळच्या विजेच्या तारेचा परिणाम असेल, असं स्वतःला सांगितलं आणि म्हणाले, "काकू, पंधरा दिवस हा मी घेऊन जाऊ? माझं काम अडलंय."

त्यांनी चहा दोन कपांत ओतला. "पंधरा दिवसानं आनून देशीन ना?"

"नक्की."

"ने मंग. तू शिकलेली आहेस, तुले समजते."

रेडिओ मी वडशाच्या लॉजवर ठेवला. तिथे एकदाही वाजला नाही. गावातली रेघही त्या दिवसापासून बंद झाली. मग अचानक पुण्याला बोलावलं, रिपोर्ट, मीटिंगा... रेडिओ सामानाच्या खोक्यात माझ्याबरोबर गेला. परत घेऊन आले तेव्हा तीन महिने उलटले होते.

सुमनबाई रागावल्या नाहीत. रेडिओ पदरानं पुसून फळीवर ठेवला, चहा मांडला. आम्ही दोघी बसलो. साडेचार झाले. पावणेपाच. पाच... मीटर माझ्या मांडीवर होतं. काही नाही.

"वाट पायली असन त्यानं," त्या हळूच म्हणाल्या. "मंग गेला."

मी मीटर बंद केलं.

सेल नसलेला रेडिओ कसा वाजत होता, याचं उत्तर माझ्याकडे नाही. विजेच्या तारेचं म्हणाल तर ती आजही तिथेच आहे. ओळखीच्या इंजिनिअरांना विचारून झालं, ते हसतात. मीही हसले असते.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. "तुह्यं काम तं झालं ना, बाई?"

ती जागा नको, असं वरून ठरल्याचं मला आदल्याच आठवड्यात कळलं होतं. ते रेकॉर्ड कुणी उघडूनही बघणार नव्हतं.

"हो काकू," मी म्हणाले. "झालं."

"बस मंग," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन थंड झालेला चहा अंगणात ओतून आल्या.