बाबांनी ओलांडलेला चौक

डेन्मार्कमधल्या ऑरहूस शहरात, माझ्या घराजवळ, कॅथीड्रलसमोर एक जुना दगडी चौक आहे. अर्धांगवायूतून जरा सावरल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले, तेव्हा आम्ही रोज तिथल्या बाकावर बसायचो. एका सकाळी काठी टेकत ते उठले. "पलीकडे जाऊन येतो." मी हात पुढे केला, तर म्हणाले, "तू इथेच थांब."

चौकाच्या मधोमध त्यांचा पाय अडला. मी धावणार, तेवढ्यात चाकांचा वॉकर ढकलत चाललेली एक डॅनिश आजी त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. हात धरला नाही, नुसती थांबली. मग बाबांनी पाऊल उचललं, तसं तिनंही उचललं.

त्या दोघांकडे बघताना वाटलं, शहराच्या ऐन मध्यावरची एवढी जागा शेकडो वर्षं कुणीच कशी बांधून काढली नाही? इथे बाजार भरले, मिरवणुका आल्या नि गेल्या, तरी चौक मोकळाच राहिला. माणसाला चालायला, अडखळायला आणि पुन्हा चालायला ऐसपैस जागा लागते, हे त्या जुन्या लोकांना ठाऊक असणार.

पलीकडच्या भिंतीला हात लावून बाबा वळले आणि त्यांनी काठी उंच धरली. आजीनं टाळ्या वाजवल्या. मी रडतहसत धावत त्यांच्यापाशी पोचले.

"टाउन हॉलपाशी याहून मोठा चौक आहे म्हणालीस ना?" त्यांनी धापा टाकत विचारलं. "उद्या तो!"