शवासनानंतरची हाक

चारठाण्याचे आश्रुबा एसटीत ड्रायव्हर होते तोवर त्यांचा राग आणि गाडीचा हॉर्न दोन्ही वेशीपासूनच ऐकू यायचे. रिटायर झाल्यावर हॉर्न गेला, राग तेवढा मुक्कामाला घरी आला. मग एका सकाळी दात घासता घासता त्यांचं तोंड वाकडं झालं. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, थोडक्यात निभावलं. आता गोळ्या चुकवायच्या नाहीत, रोज योग आणि ध्यान करायचं, आणि चिडायचं नाही. यातलं शेवटचं ऐकून धुरपताबाईला तशा काळजीतही हसू आलं. उभा जन्म याच माणसाशी संसार केला होता तिनं.

पण नवरा जगला पाहिजे, ही गोष्ट तिनं मनात घट्ट धरली. जिंतूरला शिक्षिका असलेल्या मनिषानं, म्हणजे लेकीनं, मोबाईलवर आसनं दाखवून दिली. तेव्हापासून धुरपताबाई भल्या पहाटे अंगण झाडायची, सतरंजी घालायची आणि त्यांना उठवायची. म्हातारपणी हे कसले सर्कशीचे खेळ म्हणून आश्रुबा धुसफुसायचे. ती वाद घालत नसे. पदर खोचून समोर बसे आणि स्वतःच हात वर न्यायला लागे. मग त्यांनाही न्यावे लागत. ध्यानाला बसलं की आश्रुबांच्या डोक्यात जुने कंडक्टर गर्दी करायचे, मधेच एखाद्याला शिवीही जायची. डोळे न उघडताच ती म्हणायची, श्वासाकडं बघा. असं करत करत बस्तान बसलं. बीपी उतरलं. भाजी खारट झाली तरी घरात आवाज चढेना, तेव्हा शेजारपाजारचे चकित झाले.

एक आसन मात्र तिनं कधीच केलं नाही. शवासन. नाव ऐकूनच तिनं कानाला हात लावला होता. जित्या माणसानं अंगणात मढ्यासारखं पडावं, हे तिला मुळीच मंजूर नव्हतं. पण डॉक्टरांनी सांगितलेलं मोडायचं कसं? मग तिनं आपल्यापुरती तोड काढली. नवऱ्याचे पाय दक्षिणेला होऊ नयेत अशी सतरंजी घालायची, ते आडवे झाले की पायाशी बसून राहायचं, आणि थोड्या वेळानं पायाचा अंगठा दाबून म्हणायचं, "उठा आता."

ते उठून बसले की तिचा जीव भांड्यात पडे. आश्रुबांनाही त्याची गोडी लागली. हाक येईपर्यंत ते मुद्दाम पडून राहत, घोरण्याचं सोंग करत. तरुणपणी बायकोशी दोन शब्द गोड बोलायचे राहून गेले होते, ते असे वसूल करायला लागले.

तिचं बीपी मात्र कुणी मोजलं नाही. अधूनमधून तिचं डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढं अंधारी यायची. मनिषा दवाखान्यात चल म्हणायची, तर मला काय धाड भरलीय, म्हणून ती उडवून लावायची. आश्रुबांनाही ते खरंच वाटलं. घरात आजारी माणूस एकच, असा त्यांचा समज होता. माघातल्या एका सकाळी सतरंजी घालता घालता ती खाली बसली आणि तशीच आडवी झाली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

घरी आणून तिला त्याच अंगणात निजवलं, पाय दक्षिणेला. रिवाजाप्रमाणे पायांचे अंगठे दोऱ्यानं बांधले. आश्रुबा माणसांतून वाट काढत आले, तिच्या पायाशी बसले आणि अंगठा दाबला.

"धुरपते, उठ आता."

पुन्हा दाबला, पुन्हा म्हणाले. लोकांनी दंडाला धरून उठवायला पाहिलं, पण ते हलेनात. ज्यांच्या ओरडण्याला गाव दबकून असे, ते हळू आवाजात तेवढंच म्हणत राहिले. बायका तोंडात पदर कोंबून रडल्या.

दहावा झाला. पाहुणे गेले, मनिषा मागं राहिली होती. आता वडील तरी राहावेत म्हणून एका सकाळी तिनं सतरंजी घातली. आश्रुबांनी सगळी आसनं निमूट केली, ध्यान केलं आणि शेवटी आडवे झाले. अंगणात ऊन आलं, तोंडावर आलं, तरी उठेनात. मनिषानं पुढं होऊन अंगठा दाबला.

त्यांचे डोळे उघडेच होते.

"आबा, उठा ना."

"उठतो," ते म्हणाले, पण उठले नाहीत. "तिची एक हाक आली की मी उठायचो, माय. मी तिला लय हाका मारल्या."