बिनपाण्याची झाडं

भाड्याच्या घराच्या अंगणात कोणती झाडं लावावीत असं कुणी विचारलं, की मी पटकन सांगते. कडुनिंब लावा, करंज लावा, कुंपणाच्या कडेला कण्हेर. ढोरं त्यांना तोंड लावत नाहीत, एकदा मुळं धरली की पाणी मागत नाहीत, भाडेकरू बदलले तरी झाडाला काही होत नाही. लोकांना वाटतं, बाईला झाडांतलं कळतं. ही सगळी माहिती मी कशासाठी गोळा केली होती, ते मात्र आजवर कुणापाशी बोलले नाही.

भिलाईत तेव्हा पोलादाचा प्लांट उभा होत होता. हे ऑफिसात क्लार्क, आणि आम्हाला सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालेलं. पण क्वार्टर नोकरी आहे तोवरचं. म्हणून ह्यांनी जवळच्या उतई गावात जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या. म्हातारपणी राहू, तोवर भाड्यानं देऊ. भाडेकरू मिळाला तो प्लांटमधलाच एक फिटर, ह्यांच्याच भंडाऱ्याकडचा. नवरा-बायको दोघंच.

त्या अंगणात ह्यांनी आंब्याची दोन कलमं लावली आणि एक जामाचं झाड. जाम म्हणजे पेरू. तेव्हापासून दर रविवारी सायकल निघाली उतईला. सकाळी गेलेले हे दुपार कलल्यावर परत यायचे.

"घरात माणसं राहतात ना?" मी विचारायची. "ती पाणी घालत नाहीत का झाडांना?"

"घालतात. पण आपण पाह्यलेलं बरं असते."

एकदा मीही कॅरिअरवर बसून गेले. फिटरच्या बायकोनं हात धरून आत नेलं, चहा ठेवला आणि साखर मागायला शेजारी गेली. मी चुलीपाशी एकटी बसले होते, तेवढ्यात बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं. पोटातून आलेलं, खोकला लागेपर्यंतचं हसणं. फिटर असेल म्हणून मी दारातून डोकावले, तर ते हसणं ह्यांचं होतं.

हे खाटेवर मांडी घालून आपल्या मामाची गोष्ट सांगत होते. लग्नाच्या वरातीत मामाचा बैल उधळला आणि मामा फेटा सावरत त्याच्यामागे गावभर पळाला. हे मध्येच उठून मामासारखे पळूनही दाखवत होते. फिटर डोळे पुसत होता. त्याची बायको साखरेची वाटी घेऊन फाटकातच उभी.

"बस करा भाऊजी," ती म्हणाली, "माहं पोट दुखून राहिलं!"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्या मामाची गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. आमच्या क्वार्टरमध्ये हे बोलायचे ते एवढंच. मीठ दे. आज उशीर होईल. दार लावून घे.

ती बाई दिसायला साधी, वयानं माझ्याएवढीच. ह्यांच्यावर मला संशय आला नाही, हे मी खरं सांगते. संशय असता तर भांडता तरी आलं असतं. मला हेवा वाटला तो त्या खाटेचा, त्या वाटीचा, तिला फुकटात ऐकायला मिळणाऱ्या गोष्टीचा. परतताना कॅरिअरवर बसून मी ह्यांच्या पाठीकडे बघत होते. रस्ताभर हे एक शब्द बोलले नाहीत.

त्या उन्हाळ्यात एक कलम वाळलं आणि दुसऱ्याचा शेंडा बकरीनं खाल्ला. ऐकून मला आनंद झाला. टाउनशिपच्या नर्सरीत जाऊन मी माळ्याला विचारलं, पाणी न घालता जगतील अशी झाडं कोणती? आणि पावसाळा लागल्यावर ह्यांना म्हटलं, "भाडेकरूंच्या जिवाला झाडांचा ताप कशाला? बिनकटकटीची लावून टाकू." ऐकणाऱ्याला वाटावं, किती विचार करते ही बाई दुसऱ्याचा!

रोपं घेऊन आम्ही दोघं उतईला गेलो. जामाचं झाड मात्र चांगलं कमरेएवढं झालं होतं, कारण फिटरची बायको त्याला रोज भांडी धुतलेलं पाणी घालायची. मी म्हटलं, हेही काढा. फळं धरली की पोरं दगड मारतील, कौलं फुटतील.

"काढता कावून, बाई?" ती म्हणाली. "असू द्या ना. जगलं बिचारं."

"नको. भाड्याच्या घराला फळझाड नकोच."

ह्यांनी कुदळ घेतली आणि जाम मुळासकट उपटून काढला. त्याच खड्ड्यात कडुनिंब लावला. तिनं पदर खोचून माती लोटली आणि हसत हसत म्हणाली, "बाई, कडुलिंबाले तर पाणीबी लागत नाही, काहीच लागत नाही. मंग आता भाऊजी आमच्या घरी कायले येतीन?"

ती थट्टा करत होती की तिला सगळं उमगलं होतं, मला आजही सांगता येणार नाही. ह्यांचा हात मात्र थांबला. ह्यांनी मान वर करून तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा माती दाबू लागले.

घरी आल्यावर सायकल भिंतीला टेकवताना हे म्हणाले, "नुसतं 'जाऊ नका' म्हणाली असतीस, तरी गेलो नसतो."

त्यानंतर हे उतईला गेले नाहीत. भाडं फिटर प्लांटमध्येच आणून द्यायचा. रविवारी हे घरात माझ्या डोळ्यांसमोर असत. पेपर वाचत, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडत. एकदा मी जेवताना धीर करून म्हटलं, "ती तुमच्या मामाची, बैलाची गोष्ट सांगा ना."

"कोणती?" हे म्हणाले. "काही नाही त्यात." आणि ताटातला भात कालवत बसले.

शेवटी एका रविवारी मीच म्हणाले, "जाऊन या ना उतईला. ती दोघं वाट बघत असतील."

"काय काम आहे तिथं?" म्हणाले आणि कूस बदलली.

तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. आधी मला बरं वाटलं.