शंकरपटाचं निशाण

धान कापलेल्या बांधीतली धूळ नाकात गेली की आरमोरीकडच्या एका गावचा शंकरपट आठवतो. शर्यतीत दोन बैलजोड्या एकदमच सुटल्या होत्या आणि मी शेवटच्या निशाणाजवळ कॅमेरा रोखून बसलो होतो. धावणाऱ्यापुढे फोटोत मोकळी जागा सोडावी, हा नियम मी त्या दिवशी मुद्दाम मोडला. बैलांची तोंडं पार कडेला टेकवली आणि मागं उसळलेली धूळ तेवढी भरून घेतली. पंचांनी दुसऱ्या जोडीला जिंकवलं, तसा हरलेली जोडी हाकणारा धुरकरी धापा टाकत माझ्याकडे आला. "भाऊ, माही जोडी पुढं होती. पंचायले फोटो दाखवा." मी पंचांना दाखवला. त्याची जोडी हातभर पुढे होती. "पन निशान कुठी हाये याच्यात?" पंच हसले. "हे पटाच्या मधातलं असन." धुरकऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "समोरचं काऊन कापलं, भाऊ?" त्याच फोटोला पुढे शहरात पहिलं बक्षीस मिळालं. आज तो माझ्या बैठकीत टांगलाय. पाहुणे धुळीचं कौतुक करतात. त्या धुरकऱ्याचं निशाण असायला हवं, तिथं चौकट संपते आणि माझी कोरी भिंत सुरू होते.