पाकिटावरची पहिली ओळ

सुनंदाताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी निखिलच्या प्रोबेशनचं पत्र वाचत होतो. लीड्समधल्या त्या आमच्या सॉलिसिटर. महिना झाला, तरी सरकारी पत्र आलं की हात आधी त्यांचा नंबर शोधतो…

निखिल माझा मुलगा. भाड्याच्या घरात सोबत राहणाऱ्या मुलाशी त्याचं भांडण झालं, यानं त्याला जिन्यात ढकललं, आणि तो मुलगा चार दिवसांनी हॉस्पिटलमध्ये वारला. पोलिसांनी मर्डरचा चार्ज लावला. न्यू जर्सीच्या मेहुण्यानं धीर दिला, "सेकंड डिग्री असेल, सुटेल लवकर." बुडत्याला काडीचा आधार. तेवढंच धरून मी ताईंच्या ऑफिसात गेलो.

"दादा, खुनाच्या डिग्र्या अमेरिकेत. इथे इंग्लंडमध्ये नसतात," ताई म्हणाल्या. आलेलं एक पाकीट उलटं करून त्यांनी लिहायला घेतलं. जीव घ्यायचा किंवा जबर इजा करायचा इरादा होता असं ज्युरीला पटलं, तर मर्डर. मग जन्मठेपच, जजच्याही हातात दुसरं काही नाही. तसा इरादा नव्हता, पण मारहाणीत माणूस गेला, तर मॅनस्लॉटर. तिथे शिक्षा जज ठरवतो. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "आता तुम्ही मला सांगा." ही त्यांची रीतच होती. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढलेला मी, तिसऱ्या खेपेला कुठे धड सांगू शकलो. पाकीट त्यांनी माझ्याच हातात दिलं.

तरी तुरुंगातल्या भेटीत मी अक्कल पाजळलीच. आमच्या घरात चूक कबूल केली की अर्धी शिक्षा माफ व्हायची. निखिलला म्हटलं, "सगळं कबूल करून मोकळा हो." तो मान खाली घालून तयारही झाला. ताईंना कळलं तेव्हा त्या अशा उखडल्या, की ऑफिसातली पोरगी दार ओढून बाहेर गेली. "केलंय तेवढंच कबूल करायचं. नसलेला इरादा तुमच्या संस्कारांपायी त्याने का कबूल करायचा? लाइफ सेंटेन्स आहे तो, दादा!" मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली.

निखिलनं मॅनस्लॉटर कबूल केलं, मर्डर नाकारला. ज्युरीनं ते मानलं. सहा वर्षांची शिक्षा झाली. मर्डर टळला या आनंदात मी कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये ताईंपुढे पेढ्यांचा बॉक्स उघडला. लंडनच्या ईलिंगहून मुद्दाम मागवले होते. त्यांनी हात पुढे केला नाही. समोरच्या बाकावर त्या मुलाची आई बसली होती, कोट मांडीवर घेऊन.

"त्या मुलाचं नाव काय, दादा?" ताईंनी हळूच विचारलं.

कोर्टात ते नाव दहा दिवस ऐकलं होतं. माझ्या तोंडून ते एकदाही निघालं नव्हतं, तेव्हाही निघेना. मी बॉक्स बंद केला.

निखिल आता सुटून घरी आहे, प्रोबेशनच्या देखरेखीखाली. ते पाकीट आमच्या फ्रिजवर लावलेलं आहे. मर्डर आणि मॅनस्लॉटरच्या वर ताईंनी एक ओळ लिहिली होती, नुसतं एक नाव. पहिल्या दिवशी मी ती सोडून खालचंच वाचत बसलो होतो. त्या गेल्याचं कळलं, तेव्हा निखिल शेजारी उभा होता. आम्ही दोघांनी ती ओळ मोठ्यानं वाचली.

डॅनियल. डॅनियल नाव होतं त्याचं, ताई.