आता मिरची घाल

आमच्या ह्यांनी स्वयंपाकघरात कधी इकडची काडी तिकडे केली नाही, तरी चिली गार्लिक सॉस मात्र ह्यांचा. मिरच्या भिजवून व्हिनेगरात वाटणं, लसूण सोलणं, सगळं मी करायचं आणि हे हॉलमध्ये पेपर वाचत बसायचे. कढईत तेलावर चिरलेला लसूण पडला की मी दुसऱ्या कामाला मोकळी. लसूण पांढऱ्याचा जेमतेम सोनेरी झाला, की बाहेरून हुकूम यायचा, "अगं, आता मिरची घाल!" धावत येऊन बघावं, तर लसूण अगदी हवा तसा. इतक्या वर्षांत नुसत्या वासावर, आणि कधीही चूक नाही. वर पाहुण्यांपुढे 'माझा सॉस' म्हणून मिरवायचं. मला असा राग यायचा!

लेक खारघरला कॉलेजात होती, तेव्हा गाडीवरचं चायनीज खाऊन पोट बिघडवून घ्यायची, म्हणून मी हा सॉस घरी सुरू केला. लेक लग्न होऊन पुण्याला गेली तरी बाटली तिला जातेच.

गेल्या वर्षी ह्यांना ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही येणार. रोज सकाळी अंघोळीआधी साबण नाकाशी धरून उभे राहतात. तिखट लागतं म्हणतात, जीभ भाजते, पण लसूण आहे की नाही ते समजत नाही. लेकीला मात्र फोनवर ठोकून देतात, "येतोय गं, थोडा थोडा वास येतोय." मी शेजारी बसून ऐकते. वास बाजारात मिळत असता तर कुठूनही आणला असता.

मागच्या रविवारी हे आपणहून पनवेलच्या बाजारात गेले, रंगाला बेडगी आणि तिखटाला लवंगी मिरची घेऊन आले. "लेकीची बाटली संपली असेल," म्हणाले. मला बरं वाटलं. मिरची वाटून झाली, लसूण तेलात टाकला आणि मी गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेले. कपडे काढले, घड्या घातल्या. मी हाकेची वाट बघत होते. इतक्या वर्षांची सवय.

हाक आली नाही, दारावरची बेल वाजली. समोरच्या बाई होत्या. "काहीतरी जळतंय का हो तुमच्याकडे?"

लसणाचा कोळसा झाला होता. धूर हॉलपर्यंत आला होता आणि हे पेपरात डोकं घालून बसलेले.

"अहो, नाकासमोर जळतंय आणि तुम्ही..." मी ओरडले आणि मग आठवलं. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

ह्यांनी पेपरची घडी केली. "मी सांगायला हवं होतं," म्हणाले.

मग आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबरोबर लसूण सोलायला बसले. दुसऱ्यांदा कढई ठेवली, तेव्हा मी ठरवलं होतं की ओट्यापासून हलायचं नाही. लसूण तेलात पडल्याचा चुर्र आवाज झाला, आणि थोड्याच वेळात बाहेरून हाक आली, "अगं, आता मिरची घाल!"

तोच जुना आवाज. लसूण अजून पांढरा होता, कच्चा. मी वाकून बघितलं. हे खुर्चीत ताठ बसले होते, हातात मोबाइल, त्यावर सेकंद मोजत. नजर माझ्याकडे.

मी मिरची घातली.

जेवताना भाकरीबरोबर वाढला. कच्च्या लसणाचा उग्रपणा माझ्या घशात अडकला.

"बरोबर वेळेवर सांगितलं ना?"

"अगदी वेळेवर," म्हटलं आणि पाणी प्यायले.

ह्यांचा चेहरा किती दिवसांनी उजळला. "मग लेकीची बाटली भर. सांग तिला, बाबांनी वासावर सांगितलं म्हणून."

मी बाटली धुवायला घेतली. पहिल्याच चमच्यात तिला सगळं कळणार आहे.