पोलवरून पडूनही बोलणारा फोन

मी वीज कंपनीत लाइनवर काम करते. बाई असले तरी गावोगाव मला ‘लाइनमन ताई’ म्हणतात आणि मला ते चालतं. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मी चढले नाही असा पोल शोधावा लागेल. आमच्या कामात पकडीइतकंच मोठं हत्यार म्हणजे फोन. लाइन बंद करायची तर सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन करायचा. त्यानं बंद केल्याचं सांगितलं की तपासून, अर्थिंग लावून, म्हणजे तार जमिनीला जोडून, मगच चढायचं. काम संपवून खाली उतरलं, अर्थिंग काढलं, की ज्यानं बंद करायला सांगितलं त्यानंच सुरू करायला सांगायचं. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर ऑपरेटर लाइन सोडत नाही. सोडली तर तारेला हात लावलेला माणूस उरत नाही.

नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडे बटणांचा फोन होता. तो पोलवरून पडायचा, झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे. काळ्या मातीतून तुकडे वेचायचे, शर्टाला पुसायचे, जोडले की चालू. एकदा तो पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात रात्रभर पडून राहिला. सकाळी दवानं भिजलेला सापडला, थोडा वेळ उन्हात ठेवला आणि दुपारपर्यंत बोलायला लागला.

पुढे हजेरी आणि कामाचे फोटो फोनवरून पाठवायचा नियम आला. मी मोठा फोन घेतला आणि जुना आईला दिला. आई अकोल्याला जठारपेठेत भावाकडे राहते. त्यानंतर मात्र माझ्याकडे फोन टिकलाच नाही. एकाची चार्जिंगची पिन ढिली झाली, एकाच्या स्क्रीनवर आपोआप हिरवी रेघ उमटली, एकाची बॅटरी फुगून झाकण वर आलं. माझ्याच हातांचा दोष असेल असं दुकानदार सुचवायचे. माझे हात अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर चालतात. ते निष्काळजी असते तर हे सांगायला मी राहिले नसते.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारच्या वावटळीनं एका गावाबाहेरच्या पोलवर जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, तुटला. माझ्याबरोबर माझे जोडीदार होते, निवृत्तीला आलेले जुने लाइनमन. मी फोन करून लाइन बंद करून घेतली आणि चढले. ऊन असं होतं की लोखंडाला हातमोज्यातूनही चटका बसत होता. जंपर बांधून उतरले, अर्थिंग काढलं, खिशातून फोन काढला तर तो इस्त्रीसारखा तापलेला. स्क्रीनवर तापमानाची सूचना दिसली आणि फोन बंद पडला. झाडाखाली सावलीत ठेवला, ओल्या रुमालावर ठेवला. थोड्या वेळानं उजेड आला, पण बोट फिरवलं तरी काही हलेना.

मी जोडीदारांना त्यांचा फोन मागितला. ते म्हणाले, “तो सबस्टेशनलेच चार्जिंगवर हाये. सकाळी भरला तं दुपारपर्यंत टिकत नाई.”

शेजारच्या वावरातल्या शेतकऱ्यानं स्वतःचा फोन पुढे केला. पण ऑपरेटरचा नंबर मला पाठ नव्हता. आजकाल नाव दाबलं की फोन लागतो, आकडे कोण लक्षात ठेवतं? जोडीदारांना सबस्टेशनचा जुना नंबर तोंडपाठ होता. त्यांनी विश्वासानं लावला. तो टेलिफोन कधीच काढून टाकलेला होता, पलीकडून हा नंबर अस्तित्वात नाही एवढंच ऐकू आलं. चार्जिंगवरच्या स्वतःच्या फोनचा नंबर मात्र त्यांनाही पाठ नव्हता.

शेतकरी वैतागला होता. घरी म्हातारे वडील पंख्याविना तडफडत होते. तो म्हणाला, “ताई, काम झालं ना? मंग लाइट काहून नाई येऊन राहिली?”

मी त्याला सांगितलं की मी सांगितल्याशिवाय लाइट येत नसते आणि ते मी आता सांगायलाच चालले आहे. शिडी तिथेच ठेवली. पोलजवळ कुणाला फिरकू देऊ नका असं बजावून जोडीदारांना मागे ठेवलं आणि मी गाडीला किक मारली.

सबस्टेशनवर पोचले तर ऑपरेटर खुर्चीत सरळ बसलेले, घामाघूम. त्यांनी मला पुन्हा पुन्हा फोन लावला होता. मग जोडीदारांना लावला, तर तो त्यांच्याच टेबलावर वाजायला लागला. मधल्या वेळात गावातून चार मोठ्या माणसांचे फोन आले, काम झालं आहे, लाइन सोडा म्हणून. त्यांनी सोडली नाही. मी दारातूनच सगळे खाली असल्याचं आणि अर्थिंग काढल्याचं सांगितलं. त्यांनी वहीत नोंद केली, लाइन सुरू केली, आणि मग म्हणाले, “तुमचा आवाज आल्याशिवाय मी बटनाले हात नसता लावला, सकाळ झाली असती तरी.”

मी माठातलं पाणी प्यायले आणि भिंतीला टेकून बसले. आपल्या जिवाची काळजी करणारा माणूस दुसऱ्या टोकाला बसला आहे हे इतकं समोर कधी दिसलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी अमरावतीत फोन दाखवला. दुकानदार म्हणाला की आतलं बोर्ड गेलं, दुरुस्त करण्यापेक्षा नवा घ्या. नवा किती उन्हात चालेल, असं मी विचारलं. दुकानदार तरुण मुलगा होता, पण प्रामाणिक. हे फोन उन्हासाठी बनवलेलेच नसतात म्हणाला. मग आमच्या वऱ्हाडात विकता कशाला, हा प्रश्न मी त्याला नाही विचारला. तो काही बनवत नव्हता. हजेरीसाठी नवा घ्यावाच लागला.

पुढच्या रविवारी अकोला गाठलं. आईचा फोन उशाशी होता, झाकणाला रबर बँड लावलेला. मी तो मागितला. तिला वाटलं मी थट्टा करते. मी सगळी हकिकत सांगितली. मग ती स्वतःच सिमकार्ड काढायला बसली.

“घे. मले काय, तुह्या भावाच्या फोनवरून बोलता येते. तुले पोलवर भावाचा फोन कोन देईन?”

मी तिला मोठा फोन घेऊन दिला. आता ती व्हिडिओ कॉल करते आणि मला नुसतं तिचं कपाळ दिसतं. दिवाळीआधीच त्याच्या काचेला तडा गेला.

हजेरी मी अजूनही नव्या फोनवर लावते. पण लाइन बंद करायला आणि सुरू करायला बटणांचा फोन, दोरीनं गळ्यात. सबस्टेशनचा नंबर मी शिडीवर रंगानं लिहून घेतला. साहेबांनी विचारलं, हे काय नवीन. मी कारण सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात सेक्शनमधल्या सगळ्या शिड्या नंबर लिहायला काढल्या होत्या, आणि रंगाचा ब्रश माझे जोडीदार कुणाच्या हाती देत नव्हते.